हरी नारायण आपटे

हरी नारायण आपटे ऊर्फ हरिभाऊ आपटे (जन्म : ८ मार्च १८६४, पारोळे, खानदेश, मृत्यू : ३ मार्च १९१९, पुणे) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, नाटककार आणि ‘करमणूक’ या साप्ताहिकाचे संपादक होते. मराठी सामाजिक कादंबरीचे जनक असा त्यांचा उल्लेख सर्वत्र केला जातो. कथानक, व्यक्तिचित्रण, निवेदक, दृष्टिकोन, वातावरण, संघर्ष या ज्या संज्ञा आज विद्यार्थ्यांना कथात्म साहित्याचे घटक म्हणून शिकवल्या जातात, त्यांपैकी बहुतेकांचे स्वरूप मराठीत प्रथम ठळकपणे दिसते ते हरिभाऊंच्या लेखनात. त्यांनी या विषयावर पाठ्यपुस्तक लिहिले नाही. दर आठवड्याला छापखान्याला मजकूर पुरवता पुरवता त्यांना हे प्रश्न सोडवावे लागले आणि त्यांची उत्तरे त्यांच्या कादंबऱ्यांतच सापडतात.

बालपण आणि शिक्षण

हरिभाऊंचा जन्म आज जळगाव जिल्ह्यात असलेल्या पारोळे या गावी झाला. ते चार वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडील नारायण चिमणाजी आपटे हे टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या नोकरीमुळे बालपणीचा काही काळ मुंबईत गेला आणि १८७८ च्या सुमारास कुटुंब पुण्यास आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८७९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. ज्या एकत्र कुटुंबातील घुसमट पुढे त्यांनी कादंबऱ्यांत रंगवली, तिच्यातच ते स्वतः वाढले होते.

१८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे तेथे शिकवीत होते, आणि हरिभाऊ हे त्या शाळेच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने मराठी भाषेविषयीचा अभिमान त्या पिढीत जागवला होता. १८८२ मध्ये चिपळूणकर अकाली वारले तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य लिहिले. पुढच्याच वर्षी आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर प्रसिद्ध केले. या शिष्याने आपल्या गुरूच्या त्या पुस्तकाचे दीर्घ आणि कसून परीक्षण लिहिले. गुरुभक्ती आणि चिकित्सा या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे या दोन लेखनांवरून ध्यानात येते.

महाविद्यालयीन शिक्षण मात्र पूर्ण झाले नाही. इंग्रजी, संस्कृत आणि मराठी साहित्यात त्यांची गती उत्तम होती, पण गणिताने त्यांना अडवले आणि पदवी न घेताच त्यांनी महाविद्यालय सोडले. ज्यांच्या कादंबऱ्या पुढे पदवीच्या परीक्षांना नेमल्या गेल्या, ते स्वतः पदवीधर नव्हते.

उपजीविकेचा प्रश्न त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्यामुळे सुटला. महादेवराव हे मुंबईतील नामांकित वकील होते. संस्कृत हस्तलिखितांचे जतन आणि प्रकाशन व्हावे म्हणून त्यांनी पुण्यात १८८८ मध्ये आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. आनंदाश्रमाची व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत पाहिली. प्राचीन पोथ्यांच्या त्या सहवासात बसूनच त्यांनी आपल्या काळच्या घराघरांतील गोष्टी लिहिल्या.

हरिभाऊंपूर्वीची मराठी कादंबरी

हरिभाऊंनी काय बदलले हे समजण्यासाठी त्यांच्यापूर्वी काय लिहिले जात होते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. तिचा विषय हिंदू विधवांची स्थिती हा आहे. यमुना ही नायिका पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या तिच्या कानी पडतात, पुढे तिलाही वैधव्य येते आणि शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. तळमळ खरी आहे. परंतु प्रसंग प्रवासाच्या दोऱ्यात एकामागून एक ओवलेले आहेत. एकातून दुसरा उगवत नाही.

यानंतर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा काळ आला. त्यांत सद्गुणी नायक-नायिका, दुष्ट खलपुरुष, योगायोग आणि चमत्कार यांची रेलचेल असे. पात्रे पहिल्या पानावर जशी असत तशीच शेवटच्या पानावर राहत. रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ने (१८७१) ऐतिहासिक कादंबरीचा प्रारंभ केला. वाचकाच्या शेजारच्या घरात घडणारी, त्याच्या ओळखीच्या माणसांची कादंबरी मात्र अजून यावयाची होती.

‘मधली स्थिती’ आणि ‘करमणूक’

हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणे वैभव’ या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावर रेनॉल्ड्स या इंग्रजी कादंबरीकाराच्या लेखनाची छाया आहे. जुन्या आणि नव्याच्या मधल्या अवस्थेत सापडलेल्या पुणेरी समाजाचे, विशेषतः नव्या शिक्षणाबरोबर आलेल्या व्यसनांचे, चित्र तिच्यात आहे. रचना सैल असली तरी माणसे ओळखीची आहेत.

ऑक्टोबर १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्या वेळी ‘केसरी’ आणि आगरकरांचा ‘सुधारक’ या पत्रांतून राजकीय व सामाजिक वाद रंगत होते. संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यातील वातावरण लवकरच कमालीचे तापणार होते. विवाहितेच्या संमतीचे वय १० वरून १२ करणारा तो कायदा १८९१ मध्ये झाला. अशा वेळी हरिभाऊंनी वादविवादाचे पत्र न काढता घरातील सर्वांना, विशेषतः स्त्रियांना, वाचता येईल असे पत्र काढले. ‘करमणूक’ सुमारे २७ वर्षे चालले. कादंबरी, गोष्टी, चरित्रे, शास्त्रीय माहिती अशा नाना प्रकारचा मजकूर त्यात असे आणि त्यातला पुष्कळसा संपादकांच्याच हातचा असे. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी ‘आजकालच्या गोष्टी’ हे मालिकेचे नाव दिले. एका नगरात एक राजा होता अशा दूरच्या काळात रमलेल्या वाचकाला हे नाव वाचताच कळत असे की गोष्टीचा काळ आजचा आहे आणि स्थळ फार लांब नाही. स्थलकाल हा कथेचा घटक कशासाठी महत्त्वाचा, हे समजावण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

‘पण लक्षात कोण घेतो?’ : निवेदक यमू

‘करमणूक’च्या आरंभापासूनच तिच्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. हरिभाऊ त्या वेळी २६ वर्षांचे होते. मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत आजही तिची गणना होते आणि तिचे बरेचसे श्रेय एका निर्णयाकडे जाते. ही गोष्ट कोणी सांगावयाची, हा तो निर्णय होय.

यमू ही मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबातील मुलगी. तिचे बालपण, लग्न, सासर, शिकलेल्या व सहृदय पतीबरोबर मुंबईत लाभलेले अल्पकाळचे सुख, पती रघुनाथराव यांचा अकाली मृत्यू आणि त्यानंतरचे वैधव्य, एवढाच कथाभाग आहे. सासरचे शंकरमामंजी बळजबरीने तिचे केशवपन घडवून आणतात, हा कादंबरीचा उत्कर्षबिंदू. नुसते कथासूत्र पाहिले तर ‘यमुनापर्यटन’ आणि ही कादंबरी यांचा विषय एकच आहे. दोन्ही नायिकांची नावेसुद्धा जवळपास एकच आहेत. तरीही दोन्ही पुस्तके ओळीने वाचणाऱ्याला मधल्या ३३ वर्षांत मराठी गद्याने किती मजल मारली ते जाणवते. ‘यमुनापर्यटना’त लेखक आपल्याला विधवांविषयी सांगतो. येथे लेखक बाजूला झाला आहे आणि एक विधवा स्वतःविषयी सांगते आहे.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या कादंबरीविषयी एक वाक्य हमखास आढळते : लेखकाने प्रथमपुरुषी निवेदनपद्धती वापरली आहे. वाक्य बरोबर आहे, गुणही मिळतात. पण त्या पद्धतीने नेमके काय साधले हा पुढचा प्रश्न बहुधा तसाच राहतो. त्याचे उत्तर तीन अंगांनी देता येते.

पहिले अंग दृष्टिकोनाचे. यमू जे पाहू शकते, ऐकू शकते किंवा जे तिला कोणी सांगते, तेवढेच कादंबरीत येऊ शकते. त्या काळच्या सुनेला घरातील पुरुषांची खलबते समोर बसून ऐकण्याचा अधिकार नव्हता. तिच्या आयुष्याविषयीचे निर्णय तिच्या अपरोक्ष होत आणि तिला कळत ते त्यांच्या परिणामांवरून. सर्वज्ञ निवेदकाने ही स्थिती वर्णन केली असती तर वाचकाला सगळेच आधी कळले असते आणि तो यमूकडे वरून पाहत राहिला असता. यमूच्या नजरेने पाहताना वाचकही तिच्याइतकाच अंधारात राहतो. म्हणून केशवपनाचा प्रसंग वाचकावरही येऊन कोसळतो.

दुसरे अंग काळाचे. गोष्ट सांगणारी यमू आणि गोष्टीत वावरणारी यमू या एकच असूनही वेगळ्या आहेत. लहान यमू खेळते, भांडते, लग्नाच्या गडबडीत हरखते. सांगणाऱ्या यमूला या साऱ्याचा शेवट ठाऊक आहे. त्यामुळे अगदी हलक्याफुलक्या प्रसंगावरही एक छाया पडलेली असते. निवेदन करणारा ‘मी’ आणि अनुभव घेणारा ‘मी’ यांतील हे अंतर समीक्षेने पुष्कळ पुढे संज्ञांत बांधले. हरिभाऊंनी ते त्याआधीच वापरून ठेवले होते.

तिसरे अंग भाषेचे. सांगणारी बाई घरातली असल्यामुळे भाषाही घरातली झाली. सासुरवाशिणींची बोलण्याची ढब, टोमणे, म्हणी, लाडाची आणि रागाची नावे, हे सर्व ग्रांथिक मराठीत त्यापूर्वी फारसे आलेले नव्हते. चिपळूणकरांच्या शाळेत घडलेल्या लेखकाने त्यांची भारदस्त वाक्यरचना बाजूला ठेवून ही भाषा उचलली, हे विशेष. काशीबाई कानिटकर आणि त्यांचे पती गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी हरिभाऊंचा दीर्घ स्नेह होता. काशीबाई स्वतः लेखिका होत्या; डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले. स्त्रियांचे अंतरंग हरिभाऊंना इतके जवळून दिसले त्यात या मैत्रीचा वाटा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

व्यक्तिचित्रणाच्या दृष्टीने यमूची मैत्रीण दुर्गी महत्त्वाची आहे. यमूचा पती सुशिक्षित आणि प्रेमळ, तर दुर्गीचा पती दुर्वर्तनी. दोन मैत्रिणींची आयुष्ये शेजारी शेजारी ठेवल्याने वाचकाच्या लक्षात येते की यमूचे सुख हा तिचा हक्क नव्हता. ते केवळ नशिबाने मिळालेले दान होते आणि रघुनाथरावांबरोबर ते गेले. लेखकाने हे कोठेही प्रवचन करून सांगितलेले नाही. एका पात्राने दुसऱ्या पात्रावर प्रकाश टाकण्याच्या या योजनेला साहित्यविचारात विरोधी अथवा पूरक पात्र म्हणतात. शंकरमामंजींचे चित्र मात्र एकरंगी झाले आहे. त्यांच्यात खलपुरुषाच्या जुन्या साच्याचे अवशेष दिसतात आणि यमूच्या शेजारी ते अधिकच उघडे पडतात.

कादंबरीतील संघर्ष वरवर पाहता यमू आणि शंकरमामंजी यांच्यातील आहे. बारकाईने पाहिले तर तो एका व्यक्तीचा आणि रूढीचा संघर्ष आहे, कारण मामंजींच्या मागे साऱ्या समाजाची संमती उभी आहे. ज्या पुण्यात ही प्रकरणे दर आठवड्याला वाचली जात होती, त्याच पुण्यात १८९० च्या अखेरीस पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून आले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्या संस्थेतील विधवा विद्यार्थिनीशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला. कादंबरीमुळे या गोष्टी घडल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु घराच्या माजघरात जी व्यथा मुकाट सोसली जात होती तिला मोठ्याने वाचता येईल असे शब्द या कादंबरीने दिले, एवढे निश्चित.

‘मी’ आणि इतर सामाजिक कादंबऱ्या

१८९३ ते १८९५ या काळात प्रसिद्ध झालेली ‘मी’ हीसुद्धा प्रथमपुरुषी निवेदनातली कादंबरी आहे. भावानंद हा तिचा निवेदक. समाजकार्यासाठी संसाराचा त्याग करणाऱ्या तरुणाची ही आत्मकथा आहे. त्याची बहीण ताई, गुरुस्थानी असलेले शिवरामपंत आणि सुंदरी ही तिच्यातील अन्य प्रमुख पात्रे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना केली. तशा प्रकारच्या सेवाव्रती मंडळाची कल्पना या कादंबरीत दहा वर्षे आधीच आढळते, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात.

यमू आणि भावानंद यांची तुलना उद्बोधक आहे. निवेदनाची रीत एकच असून परिणाम निराळा होतो. यमूला फक्त आपले दुःख सांगावयाचे आहे, त्यामुळे विचार प्रसंगांतून आपोआप झिरपतो. भावानंदाजवळ मांडण्यासाठी विचार आहेत, आणि ते मांडताना उत्तरार्धात गोष्ट वारंवार थांबते. आशयसूत्र कथेत मुरलेले असणे आणि ते कथेवर ठेवलेले असणे यांत काय फरक आहे, हे या दोन पुस्तकांवरून चांगले समजते.

‘यशवंतराव खरे’, ‘जग हे असे आहे’, ‘भयंकर दिव्य’, ‘मायेचा बाजार’ या त्यांच्या अन्य सामाजिक कादंबऱ्या होत. ‘गणपतराव’ आणि ‘कर्मयोग’ या अपूर्ण राहिल्या. या सर्वांतील जग मुख्यत्वे पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा, शिकलेल्या आणि बहुतांशी ब्राह्मण कुटुंबांचे आहे. शेतकरी, कारागीर, कष्टकरी त्यांत क्वचितच दिसतात. ही मर्यादा उघड आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही.

ऐतिहासिक कादंबऱ्या

हरिभाऊंनी सामाजिक कादंबऱ्यांइतक्याच संख्येने ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. प्रारंभीची ‘म्हैसूरचा वाघ’ ही मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधारे रचलेली आहे. त्यानंतर ‘उषःकाल’ (१८९५–९७), ‘केवळ स्वराज्यासाठी’, ‘रूपनगरची राजकन्या’, ‘चंद्रगुप्त’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘सूर्योदय’, ‘मध्यान्ह’, ‘सूर्यग्रहण’, ‘कालकूट’ आणि ‘वज्राघात’ (१९१३–१५) अशी ही मालिका आहे. मराठ्यांच्या इतिहासावरील अनेक कादंबऱ्यांच्या नावांत सूर्याच्या प्रवासाची प्रतिमा योजलेली आहे.

‘उषःकाल’ शिवाजी महाराजांच्या उदयकाळावर आहे. परंतु महाराज हे तिचे एकमेव केंद्र नाहीत. सुलतानगडाचे किल्लेदार रंगराव अप्पा हे आदिलशाहीशी एकनिष्ठ, तर त्यांचे पुत्र नानासाहेब यांचा ओढा स्वराज्याकडे. बाप वाईट नाही, मुलगाही उद्धट नाही. दोघेही आपापल्या निष्ठेशी प्रामाणिक आहेत आणि म्हणूनच हा संघर्ष मनाला भिडतो. इतिहासातील थोर पुरुषाला थोडे मागे ठेवून कल्पित कुटुंबाच्या दारातून इतिहास दाखवण्याची ही रीत स्कॉटच्या इंग्रजी कादंबऱ्यांनी रूढ केली होती. हरिभाऊंनी ती मराठी मातीत चांगली रुजवली.

या कादंबऱ्यांत निवेदक सर्वज्ञ आहे. तो किल्ल्यावरही असतो आणि त्याच रात्री जंगलातल्या देवळातही. तो वाचकाला संबोधून बोलतो, एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेतो, एखादे रहस्य मुद्दाम राखून ठेवतो. आजच्या वाचकाला ही सलगी थोडी खटकते. मोठ्या पटावर विखुरलेली माणसे आणि घटना हाताळावयाच्या तर यमूसारखा एका घरात अडकलेला निवेदक उपयोगी पडला नसता, हेही लक्षात घ्यावयास हवे.

‘वज्राघात’ ही त्यांची शेवटच्या काळातील आणि अनेकांच्या मते सर्वांत प्रभावी ऐतिहासिक कादंबरी. १५६५ मधील विजयनगरच्या पाडावाची ही शोकांतिका आहे. रामराजा, मेहरजान आणि तिचा पुत्र रणमस्तखान यांच्यातील नात्याचा गुंता साम्राज्याच्या विनाशापर्यंत जातो. पाच शाह्यांचे राजकारण, सैन्यबळ, लढाई हे सर्व असले तरी विनाशाचे बीज रामराजाच्या तारुण्यातील एका वर्तनात पेरलेले आहे. पात्राचा स्वभाव आणि कथानक यांची अशी एकजीव बांधणी हरिभाऊंना इतरत्र नेहमी साधली नाही. येथे ती साधली आहे.

कथानकाचा पसारा

हरिभाऊंवर सर्वाधिक घेतला गेलेला आक्षेप पाल्हाळाचा आहे. प्रसंग लांबतात, उपकथानके फुटतात, एखादे पात्र पुष्कळ प्रकरणे गायब होऊन अचानक परतते, काही कादंबऱ्या तर संपतच नाहीत. आक्षेप खरा आहे. त्याचे कारण मात्र लेखकाच्या स्वभावापेक्षा साप्ताहिकाच्या व्यवहारात अधिक आहे. ‘मी’ आणि ‘यशवंतराव खरे’ या दोन मोठ्या कादंबऱ्यांचे लेखन काही काळ एकाच वेळी चालू होते. प्रकरण लिहून झाले की ते छापले जाई आणि छापलेले प्रकरण मागे घेता येत नसे. संपूर्ण हस्तलिखित समोर ठेवून काटछाट करण्याची सोय या पद्धतीत जवळजवळ नव्हती. हप्त्याच्या शेवटी वाचकाची उत्कंठा टांगून ठेवणे, मागच्या प्रकरणाची आठवण करून देणे, या ज्या युक्त्या ग्रंथरूपात वाचताना कंटाळवाण्या वाटतात, त्या आठवड्याच्या अंतराने वाचणाऱ्यासाठी होत्या.

ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठीत लेखनतंत्राची चर्चा जोरात सुरू झाली. आरंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू आणि उकल अशी आटोपशीर आखणी हा चांगल्या कथानकाचा निकष ठरला. त्या निकषावर हरिभाऊ उणे ठरतात. परंतु कथानक रेखीव असणे आणि कथानक विश्वसनीय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यमूच्या आयुष्यात एक घटना दुसरीला कारण होते, आणि ती कारणे त्या काळच्या कोणत्याही घरात सापडणारी आहेत. केवळ क्रमाने घडलेल्या घटनांना गोष्ट म्हणावे आणि कार्यकारणाने जोडलेल्या घटनांना कथानक म्हणावे, हा भेद इंग्रजी लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये मांडला. तो भेद धरून पाहिले तर ‘पण लक्षात कोण घेतो?’ला कथानक आहे, आणि भक्कम आहे.

स्फुट गोष्टी

‘करमणूक’मध्ये हरिभाऊंनी एका किंवा थोड्या अंकांत संपणाऱ्या गोष्टीही लिहिल्या. पुढे त्या ‘स्फुट गोष्टी’ या नावाने संग्रहित झाल्या. मराठी लघुकथेच्या आरंभकाळात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाने होरपळलेल्या गरीब कुटुंबाची गोष्ट त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. पांढरपेशा जगाबाहेर त्यांची दृष्टी गेली की ती किती स्थिरपणे पाहू शकते, हे या गोष्टीत दिसते. कादंबरीत पसरणारी त्यांची लेखणी येथे आवरलेली आहे.

इतर लेखन आणि सार्वजनिक जीवन

हरिभाऊंनी नाटकेही लिहिली. ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे मोलिएरच्या प्रहसनाचे रूपांतर. ‘सुमतिविजय’ शेक्सपिअरच्या नाटकावरून घेतलेले. ‘संत सखू’ आणि ‘सती पिंगला’ ही त्यांची स्वतंत्र नाटके होत. नाटककार म्हणून त्यांना कादंबरीकाराइतके यश लाभले नाही.

मराठी कवितेवर त्यांचे एक ऋण आहे, ज्याचा उल्लेख अनेकदा राहून जातो. केशवसुतांच्या कवितांना ‘करमणूक’ने जागा दिली होती. १९०५ मध्ये केशवसुत वारले तेव्हा त्यांच्या कविता ठिकठिकाणच्या नियतकालिकांत विखुरलेल्या होत्या. त्या एकत्र करून ‘केशवसुतांची कविता’ हा संग्रह हरिभाऊंनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केला.

१९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत त्यांनी मराठी भाषेचा उगम आणि विकास या विषयावर व्याख्याने दिली. पदवी न मिळालेल्या माणसाला विद्यापीठाने दिलेले हे निमंत्रण होते. पुणे नगरपालिकेच्या कारभारातही त्यांनी अनेक वर्षे भाग घेतला आणि तिचे अध्यक्षपद भूषवले. रस्ते, पाणी आणि कर यांच्या बैठकांतून उठून ते ‘करमणूक’च्या पुढच्या प्रकरणाकडे वळत असले पाहिजेत.

१९१७ च्या सुमारास ‘करमणूक’ बंद पडले. ३ मार्च १९१९ रोजी, वयाला पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले असताना, पुण्यात हरिभाऊंचे निधन झाले.

मृत्यूनंतर

‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. तानाजी मालुसऱ्यांची कथा महाराष्ट्राच्या मनात ज्या तपशिलांसह रुजली आहे, त्यांतील काही इतिहासातून आलेले आहेत आणि काही हरिभाऊंच्या कल्पनेतून. दोन्ही वेगळे करणे आता सोपे राहिलेले नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या आवृत्त्या मात्र आजही निघतात आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ती अधूनमधून नेमली जाते.

विद्यार्थ्यांकडून नावाचा एक घोटाळा नेहमी होतो. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) हा चित्रपट ज्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे, तिचे लेखक नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) होत. तेही कादंबरीकार, आणि जरठ-कुमारी विवाहाचा तो विषयही हरिभाऊंना शोभणारा. पण नारायण हरी आणि हरी नारायण या दोन भिन्न व्यक्ती आहेत.